वार्षिक किलीफिश सांगलीच्या घरात: अंड्यापासून अंड्यापर्यंत

वार्षिक किलीफिश पाळायचं मनात असेल तर टाकी घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. हे मासे पूर्व आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं भरलं की अंडी फुटतात, काही आठवड्यांत पिल्लं वयात येतात, तळाच्या चिखलात अंडी घालतात आणि डबकं आटलं की एकजात सगळे मरतात. चिखलातली अंडी मात्र पुढच्या पावसापर्यंत कोरड्यात तग धरतात. आपल्याकडे कासच्या सड्यावर खडकातल्या खळग्यांत पहिल्या पावसानंतर बारीक फेअरी श्रिम्प (कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव) वळवळताना दिसतात, त्यांच्या अंड्यांचीही हीच तऱ्हा. मासा असूनही हे जमवणारे मोजकेच.

सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. इतर हौशी लोक तेव्हा टाकीवर पंखे लावतात, बर्फाच्या बाटल्या सोडतात. वार्षिक किलीफिशवाल्याला त्या दोन महिन्यांत टाकी रिकामी ठेवून पुढची पिढी अंड्यांच्या रूपात पिशवीत सांभाळता येते. त्यासाठी अंडी कधी गोळा करायची आणि कधी भिजवायची, म्हणजे पाणी ओतून पिल्लं बाहेर काढायची, हे आधी ठरवावं लागतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं त्या तारखांभोवती बेतलेलं आहे.

कोणती जात घ्यावी

पहिली जात नोथोब्रँकियस गुंथेरीच घ्या. १८९३ मध्ये वर्णन झालेला हा झांझिबार बेटावरचा मासा. नर पाच सेंटिमीटरच्या आसपास, अंगावर निळसर-हिरवे खवले, प्रत्येक खवल्याला तांबडी किनार, शेपटी विटकरी लाल. मादी लहान आणि फिकट राखाडी. झांझिबारला वर्षात दोनदा पाऊस येतो, मार्च ते मे मोठा आणि वर्षाअखेरीस छोटा. त्यामुळे या माशाच्या अंड्यांना फार लांब झोप लागत नाही, साधारण तीन महिन्यांत ती तयार होतात. माफिया बेटावरच्या नोथोब्रँकियस कोर्थाउसेची अंडी त्याहून लवकर, दोन महिन्यांच्या आसपास तयार होतात.

नोथोब्रँकियस राखोवी दिसायला या सगळ्यांहून देखणा, निळ्या अंगावर नारिंगी पट्टे आणि शेपटीला काळी कड. पण तो मोझांबिकमधल्या बेइराकडचा. तिथे पावसाळा एकच आणि कोरडा काळ लांब, म्हणून अंडी पाच-सहा महिने घेतात. एक पिढी गुंथेरीची नीट पार पडली की मग याच्याकडे वळा. म्हातारपणावरच्या संशोधनामुळे गाजलेला नोथोब्रँकियस फर्झेरी नव्या माणसाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो जेमतेम काही महिने जगतो आणि नर एकमेकांना फाडून काढतात. दक्षिण अमेरिकेतल्या ऑस्ट्रोलेबियास जातींना अठरा ते बावीस अंश पाणी लागतं. घरात एसी नसेल तर तो विषय सोडून द्या.

दोन नोथो (नोथोब्रँकियस) जाती एका टाकीत कधीही ठेवू नका. नर ओळखता येतात, पण माद्या एकीसारखी दुसरी. एकदा मिसळल्या की कोणती कोणाची ते सांगता येत नाही आणि संकर होतात. एकाच जातीतही ठिकाण पाळावं लागतं. राखोवीच्या पिशवीवर ‘बेइरा ९८’ असं लिहिलेलं असेल तर ते मासे कुठल्या ठिकाणाहून आणि कोणत्या साली आले याची ती नोंद आहे. ते दुसऱ्या ठिकाणच्या राखोवीत मिसळले की ती नोंद कवडीमोलाची. मूळ डबकी शेतं आणि रस्ते गिळत चालले आहेत, त्यामुळे काही जातींच्या बाबतीत हौशी लोकांच्या टाकीतला शुद्ध वंश हाच मोठा आधार आहे.

दुकानात हे मासे सहसा मिळत नाहीत. देशातल्याच एखाद्या पैदास करणाऱ्याकडून अंडी मागवा, ती ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशवीत कुरियरने येतात. परदेशातून थेट मागवायला आयात परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नका.

वर्षाची आखणी

गुंथेरीच्या दोन पिढ्या सांगलीच्या वर्षात अशा बसतात. जूनच्या मध्यावर पहिली अंडी भिजवायची. ऑगस्टपर्यंत मासे वयात येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोळा केलेली अंडी नोव्हेंबर-डिसेंबरात तयार होतात, तेव्हा दुसरी पिढी भिजवायची. ती जानेवारी अखेरीस अंडी घालू लागते. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चमध्ये जी अंडी हाती लागतील ती जूनसाठी राखायची. पहिल्या पिढीतले मोठे मासे तोवर असतातच, पण एप्रिलनंतर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

राखोवीची एकच पिढी ठेवा. जूनमध्ये भिजवण, सप्टेंबर ते डिसेंबर अंडी गोळा करणं आणि पुढच्या जूनपर्यंत पिशवी. शेवटच्या अंड्यांचा पाच-सहा महिन्यांचा काळ मे महिन्याच्या आसपासच संपतो. डिसेंबरमधली अंडी जूनसाठी नेमकी बसतात. सप्टेंबरमधली मात्र फेब्रुवारीपासून तपासत राहा आणि तयार झाली की वाट न पाहता भिजवा.

साताऱ्यात उन्हाळा जरा सौम्य, त्यामुळे पंधरा दिवस इकडे-तिकडे चालतील. जत, आटपाडी, माण, खटावकडे मात्र मार्च उजाडल्यापासूनच टाकीचं तापमान वर जायला लागतं, तिथे गोळा करणं फेब्रुवारीतच उरका.

टाकी आणि पाणी

दीड फूट लांबीची, पंचवीस-तीस लिटरची टाकी एका नराला आणि दोन-तीन माद्यांना पुरते. झाकण घट्ट हवं. हे मासे उडी मारतात आणि एअर पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या फटीतूनही बाहेर पडतात. आत एक स्पंज फिल्टर, हवा मंद. तळ उघडाच ठेवा. वाळू घातली की मासे तिच्यातच अंडी घालतात आणि ती शोधणं अशक्य होतं. जावा मॉसचा मोठा झुपका ठेवा, मादीला नरापासून लपायला तेवढीच जागा. दिवा मंद ठेवा.

पाण्याबद्दल नोथो फारसे नखरेल नाहीत. साताऱ्यात कास तलावाचं पाणी मऊ, सांगलीत कृष्णेचं मध्यम आणि पूर्वेकडच्या बोअरचं जड. पहिली दोन तशीच चालतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) हजाराच्या वर गेला असेल तर त्यात आरओचं किंवा छतावरून गाळून घेतलेलं पावसाचं पाणी अर्धं-अर्धं मिसळा. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय बदल करू नका. पावसाळ्यात गढूळपणा आणि क्लोरीन दोन्ही वाढतं. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला तर नळच बंद होतो, म्हणून जुलैपासून एका झाकणाच्या पिंपात चाळीस-पन्नास लिटर मुरवलेलं पाणी भरून ठेवणं शहाणपणाचं.

तापमान बावीस ते सव्वीस अंश. अठ्ठावीसला मासे जगतात, पण भरभर म्हातारे होतात. आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. खाणं भरपूर, त्यामुळे घाणही भरपूर.

आणि मीठ. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला एक सपाट चमचा जाडं, आयोडीन नसलेलं मीठ कायम पाण्यात असू द्या. नोथोंना व्हेल्वेट हा परजीवी रोग चटकन लागतो आणि मीठ हा त्यावरचा सर्वांत स्वस्त पहारा आहे. पाणी बदलताना जेवढं नवं पाणी घालाल तेवढ्यापुरतंच मीठ घाला.

खाणं

सुक्या दाण्यांवर नोथो फारसे येत नाहीत. जिवंत खाद्य हवंच. गच्चीवर झाकणाच्या टबात डाफ्निया (पाण्यातले पिसूएवढे जीव) वाढवा, हिवाळ्यात ती छान चालते. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) मिळाले तर उत्तम. गटारातले ट्युबिफेक्स किडे शक्यतो टाळा, दिलेच तर दोन-तीन दिवस वाहत्या पाण्यात धुऊन.

डासांच्या अळ्या मासे सर्वांत आवडीने खातात, पण त्यासाठी टब भरून ठेवायचा असेल तर जबाबदारीने. अळ्या रोज गाळून काढा, आणि चार दिवसांनी तो टब पूर्ण उपडा करा. डेंग्यूच्या दिवसांत शेजाऱ्यांनी तक्रार केली तर त्यांचंच बरोबर असेल.

अंडी कशात घालायला लावायची

इंग्लंड-जर्मनीत लोक पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) वापरतात. आपल्याकडे रोपवाटिका आणि पॉलिहाउसवाले कोकोपीटच्या विटा घेतात, त्याच आणा. खत मिसळलेली वीट नको, साधी हवी. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ आणि भरपूर टॅनिन असतं. वीट बादलीत फुगवा, दोनदा धुवा, मग जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळा, गार झाल्यावर कापडातून पिळा. पाण्याला गडद रंग येणं थांबेपर्यंत हे परत करा. लांब धागे चाळून काढा, कारण पुढे अंडी शोधताना तेच आडवे येतात.

एक लिटरचा आइसक्रीमचा डबा घ्या, झाकणाला मधोमध लिंबाएवढं भोक पाडा, आत दोन-तीन सेंटिमीटर ओलं कोकोपीट भरा आणि तळाशी एखादा गोटा ठेवून डबा टाकीत बसवा. झाकणामुळे भुसा टाकीभर पसरत नाही. पहिल्या दिवशी मासे संशयाने फिरतात, दुसऱ्या दिवशी नर भोकाभोवती ठाण मांडतो.

अंडी घालताना एकदा तरी शेजारी बसून बघा. नर मादीच्या डोक्यावर येऊन पंख फैलावतो, तिला डब्याकडे रेटतो. ती तयार असेल तर दोघं अंगाला अंग लावून भुशात घुसतात, नर पाठीचा पंख तिच्यावर घडी घालून दाबतो, दोघं क्षणभर थरथरतात आणि झटक्यात सुटतात. त्या एका झटक्यात एक अंडं. व्यास साधारण एक मिलिमीटर, कवच इतकं टणक की बोटांनी हलकं दाबलं तरी फुटत नाही. पोटभर खाणारी मादी रोज डझनभर अंडी सहज घालते. मादी खरचटलेली किंवा बारीक झालेली दिसली तर तिला आठवडाभर वेगळं ठेवा. नराला विश्रांतीची गरज पडत नाही, मादीला पडते.

गोळा करणं, वाळवणं, पिशवी

दहा-पंधरा दिवसांनी डबा काढा, कोकोपीट बारीक जाळीत ओता आणि मुठीत हळूच पिळा. मग चार-पाच पदरी रद्दी पेपरवर पातळ पसरा आणि सावलीत ठेवा, पंख्याखाली नको. मार्चमध्ये तीन-चार तासांत काम होतं, ऑगस्टच्या दमट हवेत अख्खा दिवस जातो. घड्याळ बघू नका, हाताला विचारा. मळायला घेतलेल्या तंबाखूइतकं ओलसर झालं की पुरे: चिमटीत दाबलं तर पाणी सुटत नाही, गोळा होतो आणि बोट लावताच मोकळा होतो. निपाणी जवळ असल्याने आपल्या भागात हे कोणालाही सांगावं लागत नाही. यापेक्षा ओलं राहिलं तर बुरशी लागते, यापेक्षा कोरडं झालं तर अंडी चपटी पडतात.

आता झिपलॉक पिशवीत भरा, थोडी हवा राहू द्या, बंद करा. वर पक्क्या मार्करने जात, ठिकाण, गोळा केल्याची तारीख आणि पहिली तपासणी कधी करायची ते लिहा. तोच मजकूर कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून पिशवीतही टाका, कारण बाहेरची शाई पुसते. पिशवी अंधारात, बावीस ते पंचवीस अंशांवर. उन्हाळ्यात थर्मोकोलच्या खोक्यात पिशव्या घालून ते स्वयंपाकघरात माठाला टेकून ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. फ्रिजमध्ये अजिबात नको.

अंड्याच्या आत काय चाललेलं असतं

अंडं तीन ठिकाणी थांबू शकतं, यालाच डायापॉज म्हणतात. त्याचे तीन टप्पे जॉन वुर्म्स यांनी १९७२ मध्ये नीट मांडले. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असताना. दुसरा, गर्भाचा आराखडा तयार होऊन हृदय धडधडू लागल्यावर. तिसरा, पिल्लू पूर्ण तयार होऊन फक्त पाण्याची वाट पाहतं तेव्हा. सगळी अंडी एकाच वेळी थांबत नाहीत किंवा एकाच वेळी निघतही नाहीत. रानात याचा फायदा उघड आहे: अवेळी एखादी सर येऊन डबकं चार दिवसांत आटलं तर फुटलेली पिल्लं जातात, पण थांबलेली अंडी वाचतात. टाकीत याचा अर्थ एवढाच की एका पिशवीतून सगळी पिल्लं एका भिजवणीत निघणार नाहीत. ऊब वाढली की अंडी थांबे लवकर ओलांडतात, गारव्यात रेंगाळतात.

म्हणून तारीख हा अंदाज आहे, खात्री डोळ्यांनी करायची. गुंथेरीची पिशवी आठव्या आठवड्यानंतर दर पंधरा दिवसांनी उघडा, पाच-सहा अंडी पांढऱ्या बशीत काढा आणि दहापट भिंगाखाली बघा. पांढरी, अपारदर्शक अंडी मेलेली, ती उचलून फेका. स्वच्छ, मधासारख्या रंगाचं अंडं अजून झोपेत आहे. तयार अंडं बहुतेक गडद दिसतं, आत वळकटी घातलेलं पिल्लू असतं, आणि दोन मोठे काळे डोळे तुमच्याकडे बघतात. डोळ्याभोवतीचं सोनेरी कडं स्पष्ट चमकू लागलं आणि निम्म्याहून जास्त अंडी तशी असली की भिजवा. वेळ उलटूनही सगळी स्वच्छच असतील तर पिशवी तीन-चार आठवडे सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने गाडी पुढे सरकते.

भिजवण

पसरट प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, कोकोपीट त्यात मोकळं करा आणि वर सोळा ते अठरा अंशांचं गार पाणी चार-पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत ओता. जूनमध्ये पावसाचं पाणी साठवलं असेल तर त्यात फ्रिजमधलं थोडं मिसळलं की हे तापमान मिळतं. गार पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जास्त असतो आणि पिल्लं जोमाने फुटतात. काही तासांत पहिली दिसतात, दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक बाहेर. पाणी हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

यातली काही पिल्लं पोट तळाला घासत सरपटतात, वर येऊच शकत नाहीत. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरलेली नसते. अंडी कच्ची असताना भिजवली, किंवा तयार झाल्यावर फार दिवस पडून राहिली की असं होतं. ती सुधारत नाहीत. चार-दोन असतील तर काळजी नको, निम्मी असतील तर पुढच्या वेळी तपासणी वेळेवर करा.

चोवीस तासांनी पोहणारी पिल्लं चमच्याने दुसऱ्या टबात हलवा. उरलेलं कोकोपीट परत गाळा, पेपरवर वाळवा, पिशवीत घाला आणि महिनाभराने पुन्हा भिजवा. दुसऱ्या भिजवणीत कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं निघतात.

पिल्लं

नोथोची पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले बारीक श्रिम्प, यांची सुकी अंडी विकत मिळतात) नुकती फुटलेली पिल्लं खातात, हे मोठं सुख. म्हणून आर्टेमिया भिजवणीच्या आदल्या दिवशीच लावून ठेवा: एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा अंडी, खालून जोरात हवा आणि वर दिवा. सव्वीस-अठ्ठावीस अंशांवर चोवीस तासांत फुटतात, डिसेंबरात छत्तीस लागतात. हवा बंद करा, दहा मिनिटांनी नारिंगी थर तळाशी जमतो, तोच नळीने काढा, साध्या पाण्यात धुवा आणि द्या. वर तरंगणारी टरफलं जाऊ देऊ नका. फुटल्यावर काही तासांतच त्यांच्यातलं पोषण घटायला लागतं, म्हणून शिळी देऊ नका.

दिवसातून तीनदा, पोटं नारिंगी दिसेपर्यंत. टबातलं पाणी पहिल्या आठवड्यात सात-आठ सेंटिमीटरच, रोज पाचवा हिस्सा बदलायचा. उरलेली आर्टेमिया खायला दोन-चार छोट्या गोगलगायी सोडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नरांना रंग चढू लागतो. एव्हाना थोराड पिल्लं बारक्यांना गिळायला लागलेली असतात, म्हणून आकाराप्रमाणे वेगळी करा, आणि रंग ओळखू येताच नर-मादीही वेगळे. सहाव्या-आठव्या आठवड्यात सगळ्यांत सशक्त नर आणि माद्या निवडून अंड्यांचा डबा परत बसवता येतो. नुसता रंग बघून निवडू नका, पाठ सरळ आणि पंख पूर्ण असलेला मासा घ्या.

रोग

नोथोच्या घरात खरं दुखणं एकच, व्हेल्वेट. मासा पंख मिटून कोपऱ्यात थांबतो, अंग वस्तूंना घासतो. अंधारात बाजूने टॉर्च मारला की त्वचेवर बारीक सोनेरी-पिवळसर थर दिसतो. लगेच मीठ लिटरला दोन ग्रॅमपर्यंत वाढवा, टाकी कापडाने झाकून आठवडाभर अंधार करा, आणि रोज थोडं पाणी बदला. परजीवी काही प्रमाणात उजेडावर जगतो, त्यामुळे अंधाराने त्याची वाढ खुंटते. पिल्लांच्या टबात हा शिरला तर एका रात्रीत सगळं रिकामं होतं. म्हणून प्रत्येक टबाची जाळी आणि नळी वेगळी ठेवा.

आठ-दहा महिन्यांनी मासा वाकतो, रंग उतरतो, खाणं सोडतो. तो रोग नाही, वय आहे. औषधं ओतू नका.

देवाणघेवाण आणि टाकाऊ भुसा

जादा अंडी इतरांना द्या, पण एप्रिल-मेमध्ये कुरियर करू नका, गोदामातल्या उन्हात पिशवी भाजून निघते. पाठवताना पुठ्ठ्याच्या खोक्यात भोवती कागद कोंबा आणि जात-ठिकाण-तारखेची चिठ्ठी पिशवीतच असू द्या.

मासे किंवा पिल्लं कृष्णेत, विहिरीत, तळ्यात सोडायची नाहीत. नोथोच्या बाबतीत वापरलेलं कोकोपीटही तितकंच जपावं लागतं. त्यात निसटलेली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यांसारखी जागा त्यांना मानवू शकते. कुंडीत टाकण्याआधी तो भुसा दहा मिनिटं उकळा.